शिवाच्या जटा फोमच्या करताना: रंग का उडतो आणि बट मुळाशी का तुटते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयाच्या नृत्यनाटिकेत तांडव करणाऱ्या मुलासाठी आपण बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून पांढऱ्या फोमच्या गोल कांड्या आणल्या, त्यांना काळा ऑइल पेंट दिला आणि हॉट ग्लूने त्या एका टोपीवर चिकटवल्या. दुसऱ्याच तालमीत रंगाचे पापुद्रे नर्तकाच्या खांद्यावर पडू लागले, चार बटा मुळापासून निखळल्या आणि उरलेल्या बटा गिरकीच्या वेळी छत्रीच्या काड्यांसारख्या ताठ उभ्या राहिल्या. प्रयोगाला तीन आठवडे आहेत आणि हलक्या, वळणाऱ्या, टिकाऊ जटा कशा कराव्यात, असे आपण विचारले आहे. गेली अनेक वर्षे मी रंगभूमीसाठी टोप, मुकुट आणि जटा करत आलो आहे. आपण सांगितलेल्या तिन्ही चुका मीही केल्या आहेत, त्यामुळे त्यांची कारणे आधी सांगतो आणि मग रीत सांगतो.

आपण आणलेल्या कांडीला बाजारात बॅकर रॉड म्हणतात. ती पॉलिइथिलीनच्या फोमची असते आणि दोन काँक्रीटच्या भागांमधील सांध्यात सीलंटच्या, म्हणजे फट बुजवणाऱ्या लवचिक लेपाच्या, मागे आधार म्हणून दाबून बसवली जाते. सीलंट सांध्याच्या दोन्ही भिंतींना चिकटावे, पण मागच्या कांडीला चिकटू नये, नाही तर सांधा हलताच ते फाटते. म्हणून तिथे मुद्दाम पॉलिइथिलीन वापरतात. ज्या वस्तूची निवडच तिला काही चिकटत नाही म्हणून झाली आहे, तिच्यावर रंग किंवा गोंद टिकावा, ही अपेक्षा फोल आहे. त्यातून ऑइल पेंट वाळल्यावर कडक होतो. तीन सेंटिमीटर जाडीच्या बटेची मध्यरेषा सहा सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर, म्हणजे साधारण खांद्यावर, वाकली, तर तिचा बाहेरचा पृष्ठभाग मूळ लांबीच्या २५ टक्क्यांनी ताणला जातो, आणि गिरकीगणिक तो ताणला जाऊन परत येतो. एवढा ताण सोसणारा ऑइल पेंट मी पाहिलेला नाही. फोम लवचिक निवडून काम अर्धेच होते. त्यावरचा थर आणि बटेचे मूळ, ही दोन्हीही फोमइतकीच वळणारी हवीत. पुढची सारी रीत या एका गोष्टीभोवती आहे.

फोमच्या निवडीत माझे मत स्पष्ट आहे. नर्तकाच्या जटांसाठी गादीवाल्याकडचा साधा पॉलियुरेथेन स्पंज घ्यावा. स्टेशनरीच्या दुकानात रंगीत ताव मिळतात, तो ईव्हीए फोम. त्याच्या दोन मिलिमीटरच्या पट्ट्या हीट गनने तापवून पिळल्या की सुबक बटा होतात, परंतु त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, त्या एकमेकींवर घासून कुरकुरतात आणि पहिल्या चार रांगांतल्या प्रेक्षकाला प्लॅस्टिक दिसते. परग्रहावरचा प्राणी किंवा यंत्रमानव करायचा असेल तर ईव्हीए उत्तम. साच्यात दोन द्रव ओतून फुगवलेला मऊ फोम हा तिसरा मार्ग आहे. एकाच मापाचे जटांचे दहा-बारा संच लागणार असतील तर तो परवडतो, एरवी साच्याचाच खर्च आणि त्या द्रवांतल्या आयसोसायनेट या घातक रसायनापासून बचावाची साधने अंगावर येतात. आपल्याला एकच संच हवा आहे, म्हणून स्पंज.

दुकानात ‘३२ डेन्सिटी, सॉफ्ट’ असे सांगून मागावे. ३२ घनता म्हणजे एका घनमीटरला ३२ किलो. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण दुकानात बहुधा त्या एकच समजल्या जातात. तेव्हा आकडा विचारून झाल्यावर अंगठ्याने दाबून पाहावे आणि सोडल्यावर स्पंज लगेच वर येतो का, हे बघावे. उन्हात पिवळा पडलेला तुकडा घेऊ नये, तो लवकर भुगा होतो. साठ सेंटिमीटर लांब, मुळाशी तीन आणि टोकाशी एक सेंटिमीटर जाडीची निमुळती बट साधारण २०० घन सेंटिमीटरची होते आणि तिचे वजन साडेसहा ग्रॅम भरते. हीच बट भरीव सिलिकोनची केली तर २०० ग्रॅमच्या वर जाते आणि चाळीस बटांचे आठ किलो होतात. तेवढा भार डोक्यावर घेऊन उभे राहणेही कठीण, तांडव तर सोडाच.

तीन सेंटिमीटर जाडीचा, साठ बाय नव्वद सेंटिमीटरचा एक ताव पुरतो. त्यावर बटा उलटसुलट आखाव्यात, म्हणजे एकीच्या मुळाशेजारी दुसरीचे टोक येईल. अशी जोडी चार सेंटिमीटर रुंदीत बसते आणि ऐंशी सेंटिमीटरमध्ये चाळीस बटा निघून हात चुकला तर आणखी चार बटांपुरती जागा उरते. कापताना स्पंजावर पट्टी दाबून धरावी आणि पावाच्या करवती सुरीने लांब, सावकाश ओढी घ्याव्यात. बोथट कटर स्पंज कापण्याऐवजी ओरबाडतो. तापलेल्या तारेने मात्र हा स्पंज कापू नये. थर्माकोल कापण्याची तार सगळ्यांकडे असते म्हणून तो मोह होतो, परंतु पॉलियुरेथेन जळताना निघणाऱ्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. कापून झाल्यावर कात्रीने कोपरे उतरवावेत आणि टोकाकडे जाडी कमी करत न्यावी. सगळ्या बटा एकाच लांबीच्या ठेवू नयेत. दहा-बारा बटा पस्तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटरवर छाटाव्यात.

इथे जटा कशी असते, ते डोळ्यांसमोर आणावे. खरी जटा नळीसारखी गोल नसते. ती चपटलेली असते, मध्येच फुगते, मध्येच आवळते, मुळाशी दोन बटा एकमेकींत गुंतून एक होतात आणि टोक बोथट असते. आपल्याकडे बायकांच्या डोक्यात जट होते, ती देवीची म्हणून कापायची भीती बाळगली जाते आणि मान अवघडेपर्यंत ती वागवली जाते; १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांशी बोलून, त्यांच्या संमतीने ती काढतात. एका नाटकात जोगतिणीच्या भूमिकेसाठी जट करायची होती, तेव्हा अशा कामाची छायाचित्रे मी बारकाईने पाहिली आणि तोवर मी केलेल्या जटा दोरखंडासारख्या का दिसत होत्या, ते कळले. त्या एकसारख्या जाडीच्या होत्या. आता मी कापलेल्या प्रत्येक बटेला तीन-चार ठिकाणी सुती दोऱ्याने वेडेवाकडे आवळतो आणि दोरा तसाच थराखाली जाऊ देतो.

थर देण्याआधी बटेला कणा घालावा लागतो, आणि आपल्या चार बटा ज्यासाठी तुटल्या त्याचा उपाय हाच आहे. बट झुलते तेव्हा सगळा ओढ मुळाशी येतो, आणि स्पंज ओढाला फार कमजोर असतो. नखाने चीर पाडली तरी तो त्या रेषेत फाटत जातो. म्हणून बटेच्या एका अंगाने लांबीभर चीर द्यावी, ती बरोबर मध्यापर्यंत खोल न्यावी आणि तिच्यात सहा मिलिमीटर रुंदीची सुती फीत बसवावी. पायजम्याची विणलेली नाडीही चालते. मुळाच्या बाजूला ही फीत आठ सेंटिमीटर बाहेर सोडावी. कणा मध्यावर हवा, कारण बट वाकताना बाहेरचे अंग ताणले जाते, आतले दबते आणि मध्यरेषेची लांबी तेवढीच राहते. फीत कडेला गेली की बट एकाच बाजूला वाकू लागते. चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबरी गोंद घ्यावा, दोन्ही बाजूंना पातळ लावावा, दहा-पंधरा मिनिटे थांबून बोटाला चिकटेनासा झाला की दाबावा. त्यात ज्वलनशील द्रावक असते, म्हणून खिडक्या उघड्या आणि गॅस, उदबत्ती, सिगारेट दूर. फेविक्विक आणि हॉट ग्लू या दोहोंना इथे काम नाही. जिथे पडतात तिथे खडा होतो आणि बट त्या खड्यापाशी मोडते.

कण्यासाठी तार वापरावी का, असे पुढे आपल्या मनात येईलच. मी एकदा वापरली होती, आणि तीही तांब्याची, कारण ती हवी तशी वळते आणि वळवल्यावर तशीच राहते. वर्षभराने पेटी उघडली तर तारेलगतचे रबर काळे पडून गुळासारखे चिकट झाले होते. तांबे नैसर्गिक रबराचा नाश लवकर घडवून आणते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. शिवाय नाचणाऱ्याच्या डोळ्याजवळ तारेचे टोक असणे मुळातच चुकीचे आहे. एका जागी बसणाऱ्या योग्यासाठी एखाद्या बटेला बाक द्यायचा असेल तर प्लॅस्टिकचे आवरण असलेली ॲल्युमिनियमची तार घालावी आणि तिची दोन्ही टोके वळवून घ्यावीत.

आता थर. स्पंजावर द्रव लेटेक्स देतात. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तो नासू नये म्हणून त्यात अमोनिया घातलेला असतो आणि डबा उघडताच डोळ्यांत पाणी येते, तेव्हा काम गॅलरीत किंवा अंगणात करावे. साधारण ६० टक्के रबर असलेला घट्ट लेटेक्स मिळतो, तो पाणी न घालता वापरावा. त्याचा वाळलेला थर मूळ लांबीच्या कित्येक पट ताणला जातो, त्यामुळे वर सांगितलेले २५ टक्के त्याच्या खिजगणतीतही नाहीत. पण स्पंजाची छिद्रे एकमेकांत उघडणारी असतात आणि तो लेटेक्स पाण्यासारखा पितो. बट लेटेक्समध्ये बुडवली की ती जड होते, आतून चार-चार दिवस ओली राहते आणि वाळली तरी रबराच्या सोट्यासारखी लागते. त्याऐवजी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने पहिला हात नुसता टेकवत न्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. पांढरा लेटेक्स वाळल्यावर पिवळसर पारदर्शक होतो. कुठेही दुधी डाग दिसत असेल तर तो भाग अजून ओला आहे.

दुसऱ्या हातात जटेचे खरे रूप येते. औषधाच्या दुकानातला कापूस घ्यावा, त्याचे जाळीसारखे विरळ पापुद्रे ओढून काढावेत, ओल्या लेटेक्सवर लांबीच्या दिशेने पिळ देत गुंडाळावेत आणि वरून पुन्हा कुंचला टेकवावा. कापसाचे तंतू लेटेक्समध्ये भिजून वाळले की गुंतलेल्या केसांसारख्या रेघा उठतात. पुढच्या आठ-दहा बटांवर, ज्या चेहऱ्याजवळ येणार आहेत, मी कापसाऐवजी बारीक पिंजलेला वाख, म्हणजे अंबाडी-घायपातासारख्या झाडांचे तंतू, लावतो. पूर्वी नाटकमंडळींच्या जटा सबंध वाखाच्या किंवा सुतळीच्या असत. त्या दिसायला झकास, पण मानेला टोचतात, घाम पितात आणि प्रयोगभर झडतात. वरचा पातळ थर तेवढा वाखाचा केला तर दिसणे त्याचे मिळते आणि वजन स्पंजाचे राहते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येक टप्प्यात एक बट तोलून पाहावी. पूर्ण झालेली बट २० ग्रॅमच्या आत राहिली तर चाळीस बटांचे ८०० ग्रॅम होतात. त्यापुढे गेले तर हात जड पडतो आहे, असे समजावे.

वाळलेला लेटेक्स दुसऱ्या वाळलेल्या लेटेक्सला टेकला की घट्ट चिकटतो आणि सोडवताना फाटतो. म्हणून रंगाचा शेवटचा हात होऊन तो वाळेपर्यंत बटा दोरीवर सुट्या टांगाव्यात, एकमेकींना लागू देऊ नयेत, आणि मग टाल्कम पावडर चोळून झटकावी. ही पावडर रबराची चकाकीही मारते. रंगासाठी वेगळा पेंट न घेता लेटेक्समध्येच थोडा ॲक्रिलिक रंग मिसळावा, दहा भागांत एक भाग पुरे. रंग जास्त झाला की थराची ताणशक्ती घटते. ओले मिश्रण फिके दिसते आणि वाळल्यावर बरेच गडद होते, तेव्हा टाकाऊ तुकड्यावर नमुना वाळवून पाहिल्याशिवाय चाळीस बटांना हात घालू नये. शुद्ध काळा टाळावा. एलईडीच्या प्रकाशात काळ्या रबराचा एक सपाट गोळा दिसतो, बटा वेगळ्या दिसतच नाहीत. मी गडद तपकिरी देतो, खळग्यांत तो आणखी काळपट करतो आणि उंचवट्यांवर कोरड्या कुंचल्याने राखाडी छटा फिरवतो. शिवाच्या बाबतीत ती भस्माची म्हणून शोभतेही. तैलरंग आणि टर्पेंटाइन लेटेक्सला फुगवतात, ते जवळ आणू नयेत.

बैठक, म्हणजे ज्या टोपीवर बटा बसवायच्या ती, लायक्राच्या दुहेरी कापडाची शिवावी आणि आतून सुती अस्तर द्यावे. लेटेक्सची ॲलर्जी काहींना असते आणि ती गंभीर असू शकते, म्हणून नर्तकाला आधीच स्पष्ट विचारावे. रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी त्याला कधी खाज, सूज किंवा धाप लागली असेल तर अस्तरावर विसंबू नये. थरच बदलावा आणि कापडावरच्या रंगकामाचे लवचिक ॲक्रिलिक माध्यम वापरावे. ते लेटेक्सइतके ताणले जात नाही, पण ऑइल पेंटच्या कितीतरी पुढे आहे. दुसरी सूचना खोबरेल तेलाची. तेलाने लेटेक्स मऊ पडून चिकट होतो, आणि आपली मुले तालमीला केसांना तेल चोपडून येतात. प्रयोगाच्या दिवशी केस धुतलेले असावेत.

बटेच्या मुळाशी सोडलेली फीत बैठकीत छोटे छिद्र पाडून आत ओढावी, तिचे टोक उभे चिरून दोन पाय करावेत, ते विरुद्ध दिशांना पसरावेत आणि सुती दोऱ्याने टाके घालून शिवावेत. गोंद तिथे केवळ हलू नये म्हणून. ओढ आता टाक्यांवर येतो, स्पंजावर येत नाही. मानेकडून सुरुवात करून ओळी वर न्याव्यात, लांब बटा खाली आणि मागे, आखूड बटा कानांच्या वर.

इथे दिग्दर्शकाला एक प्रश्न विचारून घ्यावा: जटा उडायला हव्यात की बांधलेल्या हव्यात? चोळकालीन नटराजाच्या कांस्यमूर्तींत बटा दोन्ही बाजूंना आडव्या फाकलेल्या असतात. घारापुरीच्या लेण्यातल्या गंगाधराच्या शिल्पात मात्र त्या उंच जटामुकुटात बांधलेल्या आहेत आणि त्यावर गंगेची तीन मस्तकांची आकृती आहे. नृत्यनाटिकेत बहुधा दोन्ही हवे असते, म्हणून मी वर वेटोळ्याचा जटामुकुट करतो आणि मागे पंचवीसेक बटा मोकळ्या सोडतो. मुकुटाचा भार डोक्याच्या मध्याच्या जरा पुढे यावा, मागे गेला तर गिरकीत टोप मागे ओढला जातो आणि नर्तक नकळत मान पुढे काढतो. केसांना धरणाऱ्या चार क्लिपा, दोन कपाळावर आणि दोन कानांमागे, पुरतात. कपाळावरची कड क्रेपचे नकली केस स्पिरिट गमने, म्हणजे रंगभूषेच्या गोंदाने, लावून आणि रुद्राक्षांची माळ बांधून झाकावी.

बटा ताठ उभ्या राहण्याबद्दल आपण विचारले आहे. तिथे कांडीच्या कडकपणाबरोबर हलकेपणाचाही दोष होता. फार हलकी बट हवेच्या अडथळ्याने लगेच थांबते, ती झुलत नाही, नुसती थरथरते. लांब बटांमध्ये टोकापासून चार-पाच सेंटिमीटर वर, कण्याच्या फितीत ओवून, एक एम ८ मापाचा लोखंडी नट घालावा. त्याचे वजन साधारण पाच ग्रॅम असते. तेवढ्याने बट गिरकीनंतर डौलाने मागाहून येते. नट सगळ्या बाजूंनी स्पंजात झाकलेला राहील इतके टोक तिथे जाड ठेवावे, आणि चेहऱ्यासमोर येणाऱ्या बटांत तो घालू नये. शाळकरी मुलांच्या जटांत मी नट अजिबात घालत नाही, मग झोका कमी पडला तरी चालेल.

आगीबद्दल दोन वाक्ये ठळक लिहिली पाहिजेत. स्पंज, लेटेक्स आणि कापूस हे तिन्ही पेट घेतात, आणि तांडवाच्या प्रवेशात धूप, मशाल किंवा कापराची आरती असण्याचा संभव मोठा. या जटा घातलेल्या नटाच्या हातात किंवा जवळ उघडी ज्योत देऊ नये, दिग्दर्शकाने कितीही आग्रह केला तरी, आणि विंगेत ओले जाड कापड घेऊन एक माणूस नेमलेला असावा.

तीन आठवडे पुरेसे आहेत. कापणे आणि कणे दोन दिवसांत होतात, थर आणि रंग वाळण्यासकट आठवडा घेतात, शिवण दोन दिवस. म्हणजे शेवटचे आठ-दहा दिवस जटा घालूनच तालीम होईल. पहिल्या पूर्ण तालमीनंतर प्रत्येक बट फितीजवळ चाचपून पाहावी. थर तिथे सुरकुतला असेल तर लेटेक्स आणि कापसाची एक गुंडाळी वाढवावी. प्रयोगानंतर ओल्या फडक्याने पुसून, पंख्याखाली वाळवून, पुन्हा पावडर लावून टोप लाकडी डोक्यावर ठेवावा, उन्हात किंवा बंद पिशवीत ठेवू नये. पावसाळ्यात आतल्या सुती अस्तराला बुरशी येते ती याच कारणाने.

आपल्याकडच्या फोमच्या कांड्या फेकू नयेत. जटामुकुटाच्या आतला सांगाडा वाकवून, दोऱ्याने बांधून त्यांचाच करावा. तो बैठकीला शिवला की त्यावर काही चिकटण्याची गरज राहत नाही, आणि बाहेरून स्पंजाच्या चार बटा गुंडाळल्या की आतल्या कांड्या कोणाला दिसतही नाहीत.